कार्ड कुणाच्या नावावर?

(कष्टकरी स्त्रिया आणि आरोग्य या विषयावरील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सकाळच्या गटचर्चेत एका ताईंनी विचारलं, "नोकरीतल्या बायकांना विमा असतोच की. त्यांच्याविषयी कशाला बोलायचं? ज्यांना काहीच नाही त्यांच्याविषयी बोलू या." प्रश्न रास्त आहे. घरकामगार, ऊसतोड कामगार, कचरावेचक या बायकांच्या हातात आजारपणात काहीच नसतं, हे आपण रोज बघतो. पण मी गेली दहा-बारा वर्षं ज्या औद्योगिक वस्तीत काम करते, तिथला अनुभव असा आहे की "असतोच की" या दोन शब्दांतच सगळी गोम आहे. विमा असतो. पण तो कुणाच्या नावावर असतो, किती दिवस टिकतो, आणि नेमका गरजेच्या वेळी कुठे जातो, हे आपण विचारत नाही. आज तेच विचारू या.

सुरुवात माझ्या आजीपासून करते. आजोबा मुंबईत गिरणीत साचेवाले होते. कामगार विम्याचा कायदा १९४८ चा. योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. आजोबांच्या पगारातून थोडे पैसे कापले जायचे आणि घरात एक कार्ड होतं. चाळीच्या तोंडाशी पॅनेलचे डॉक्टर बसायचे. आजीचं पोटाचं ऑपरेशन कामगार विम्याच्या इस्पितळात झालं, एक पैसा लागला नाही. हे ती शेवटपर्यंत सांगायची. मग जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्यात होते, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना परत कामावर घेतलंच नाही. त्यांत आजोबाही होते. पगार बंद झाला हे सगळ्यांना दिसलं. त्याबरोबर आजीचा दवाखानाही बंद झाला, याची नोंद कुणी घेतली नाही. आजी म्हणायची, "कार्ड त्यांचं होतं, दुखणं माझं होतं."

नोकरीला बांधलेल्या विम्याचं हे मूळ लक्षण आहे. नोकरी गेली की दवाखाना गेला. आणि बाईच्या बाबतीत तर अनेकदा नोकरी दुसऱ्याची, दवाखाना तिचा.

आता योजना आज कशी चालते ते थोडक्यात सांगते, कारण आपल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना ती पगाराच्या चिठ्ठीवरच्या एका कपातीपुरतीच माहीत असते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे ईएसआय लागू होते. पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये झाली, त्याआधी ती १५,००० होती. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे १४,००० रुपये पगार असेल तर बाईचे १०५ आणि मालकाचे ४५५, मिळून ५६० रुपये. त्या बदल्यात तिला आणि तिच्या कुटुंबाला बाह्यरुग्ण तपासणी, औषधं, इस्पितळ हे सगळं. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम. बाळंतपणात पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे पूर्ण पगार. गर्भपात झाला तर सहा आठवडे. कामावर अपघात झाला तर वेगळी भरपाई.

मैत्रिणींनो, हे वाचायला फार चांगलं आहे. मी हे मुद्दाम सांगते, कारण ईएसआयची इस्पितळं वाईट आहेत, औषधं मिळत नाहीत, रांगा मोठ्या आहेत, असं आपण सहज बोलतो. तक्रार खरी आहे, मीही त्या रांगांमध्ये उभी राहिलेली आहे. पण बाजारातला कोणता विमा खोकल्याच्या औषधापासून बाळंतपणाच्या पगारापर्यंत सगळं देतो? एकही नाही. तेव्हा ही योजना मोडीत काढण्याची भाषा करण्याआधी दहा वेळा विचार करू या.

अशी भाषा झालेलीही आहे. २०१५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात अशी सूचना होती की कामगाराला ईएसआय किंवा मान्यताप्राप्त आरोग्यविमा यांतलं एक निवडता यावं. ऐकायला गोड वाटतं, निवड म्हणजे स्वातंत्र्य! पण ठेकेदाराकडे काम करणारी बाई निवड करते की ठेकेदार तिच्या वतीने करतो? कामगार संघटनांनी विरोध केला. ती सूचना काही त्या रूपात कायद्यात आली नाही, पण विचार कुठल्या दिशेने चालला आहे ते कळलं.

दुसरी सुधारणा मात्र झाली. १ जुलै २०१९ पासून वर्गणी कमी केली. आधी कामगाराचा पावणेदोन टक्के आणि मालकाचा पावणेपाच टक्के, मिळून साडेसहा होता, तो चार टक्क्यांवर आणला. पुन्हा १४,००० चा पगार धरा. आधी महिन्याला ९१० रुपये जमा व्हायचे, आता ५६० होतात. ३५० रुपये कमी. त्यांतले १४० बाईच्या हातात आले आणि २१० मालकाचे वाचले. त्याच वेळी दवाखान्यांत डॉक्टर कमी, तपासण्यांसाठी बाहेर पाठवणं चालू. आपण औषध नाही म्हणून ओरडत होतो, आणि उत्तर म्हणून औषधाचा पैसाच कमी झाला. १४० रुपये कुणाला नकोत? पण रक्ताच्या एका तपासणीला खाजगी प्रयोगशाळेत किती लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता माझ्या वस्तीतली एक गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. ही ताई एका कारखान्यात पॅकिंगला होती, पाच वर्षं. त्याच टेबलावर, त्याच खुर्चीवर. पण कागदावर ती पाच वर्षांत चार ठेकेदारांकडे होती. ठेकेदार बदलला की महिना-दीड महिना घरी बसवायचे, मग नवीन नाव, नवीन कार्ड, नवीन विमा क्रमांक. ऑगस्टमध्ये बाळंतपण होतं. ती कार्यालयात गेली तेव्हा कळलं की तिचे दिवस भरत नाहीत. बाळंतपणाच्या लाभासाठी आधीच्या दोन लागोपाठच्या वर्गणी-काळांत मिळून ७० दिवस भरावे लागतात. एप्रिल ते सप्टेंबर हा एक काळ, ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. म्हणजे एका वर्षात फक्त ७० दिवस. आणि ही तर रोज कामाला जाणारी!

आम्ही कागद काढले. ती रोज कामावर होती, पण कागदावर महिन्याला आठ-दहा दिवसच हजेरी लावलेली. एका ठेकेदाराच्या क्रमांकावर ३८ दिवस, दुसऱ्याच्या क्रमांकावर ५९. दोन्हींची बेरीज ९७. म्हणजे चोरी करूनही दिवस भरत होते, फक्त ते दोन वेगवेगळ्या बायकांच्या नावावर पडले होते, आणि त्या दोन्ही बायका तीच होती!

पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचं पासबुक, आधार कार्ड घेऊन आम्ही पाच वेळा खेटे घातले. दोन क्रमांक एकत्र करून घेतले. पैसे मिळाले, पण बाळ चार महिन्यांचं झाल्यावर. आणि मिळाले ते कागदावर दाखवलेल्या पगाराच्या हिशेबाने. मधल्या काळात तिने बचतगटातून कर्ज काढलं होतं. ते फेडण्यात निम्मी रक्कम गेली. तरी ती पेढे घेऊन आली. मला पेढा गोड लागला नाही. तिच्याबरोबरच्या त्याच ओळीतल्या किती जणींचे दिवस असे वाटले गेले असतील, आणि त्या पहिल्याच खेट्याला परत फिरल्या असतील?

इथे कायद्याची एक बाजू लक्षात ठेवा. ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची असते. तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. पगारातून कापलेला पैसा मालकाकडे सोपवलेली ठेव मानला जातो, तो त्याचा नसतो. आणि मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून बाईला तोटा होत असेल तर महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. तेव्हा "तुमच्या ठेकेदाराने भरलंच नाही, आम्ही काय करणार" हे खिडकीवरचं उत्तर पुरेसं नाही. तिथून परत फिरायचं नाही.

दुसरी गोष्ट एका लहान इस्पितळात काम करणाऱ्या परिचारिकेची. पगार २०,६००. घरी मधुमेही आई, तिच्यावरच अवलंबून. आईचं इन्सुलिन ईएसआयच्या दवाखान्यातून. वर्षाअखेरीला आठशे रुपये पगारवाढ झाली. म्हणजे २१,४००. ती माझ्याकडे आली तेव्हा रडत होती. मला आधी कळेचना, पगारवाढ झाली म्हणून कुणी रडतं का? मर्यादा ओलांडली की चालू वर्गणी-काळ आणि त्याला जोडलेला लाभाचा काळ संपेपर्यंत संरक्षण राहतं, मग संपतं. मालकाने त्याऐवजी गटविमा घेतला. त्यात इस्पितळात दाखल झालं तरच पैसे. रोजचं इन्सुलिन त्यात बसत नाही, आणि आईचं नावही त्यात नाही. ती मला म्हणाली, "ताई, मला वाढ नको म्हणून लिहून देऊ का?"

कामगार बाईला पगारवाढ नाकारावीशी वाटावी, अशी ही रचना आहे. २०१७ मध्ये ठरलेली मर्यादा वर्षानुवर्षं तिथेच राहिली, आणि महागाई मात्र थांबली नाही. मर्यादा वेळोवेळी वाढलीच पाहिजे. आणि मर्यादेच्या वर गेलेल्या कुटुंबाला वर्गणी भरून आत राहता आलं पाहिजे.

गटविम्याविषयी आणखी एक सांगते. वरच्या पगाराच्या नोकऱ्यांत हाच विमा असतो, आणि त्यात बायको "अवलंबित" म्हणून येते. नवरा कंपनी बदलतो, बायकोचा विमा बदलतो. नवरा सोडून जातो, बायकोचा विमा जातो. आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईला घटस्फोटाच्या कागदांवर सही करायची होती, आणि तिच्या स्तनाच्या गाठीची तपासणी चालू होती. पोटगी, घर, मुलांचा ताबा, सगळ्याचा विचार वकिलाने केला होता. विम्याचा नाही. गटविम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्याचा आणि आधी भरलेल्या प्रतीक्षाकाळाचं श्रेय पुढे नेण्याचा हक्क असतो. पण तो संरक्षण संपण्याआधी मागावा लागतो. आपल्या सल्ला केंद्रांच्या अर्जात यापुढे एक प्रश्न वाढवा: "तुमचा आरोग्यविमा कुणाच्या नोकरीतून आहे?"

अमेरिकेचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे, कारण तिथे बहुतेक कामकरी कुटुंबांचा विमा नोकरीतूनच येतो. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंधनं होती, म्हणून मालकांनी माणसं ओढायला विमा द्यायला सुरुवात केली, आणि तीच पद्धत रुजली. २०१० मध्ये ओबामांच्या काळात कायद्याने मोठी सुधारणा झाली. जुना आजार आहे म्हणून विमा नाकारता येणार नाही, मुलांना २६ वर्षांपर्यंत आईबापांच्या विम्यात राहता येईल, आणि गर्भनिरोधक साधनं विम्यातून वेगळे पैसे न देता मिळतील. बायकांसाठी हे मोठं पाऊल होतं. पण २०१४ मध्ये हॉबी लॉबी या दुकानांच्या कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा मोजक्या मालकांच्या हातातल्या कंपन्या धार्मिक कारणावरून गर्भनिरोधकांचा खर्च विम्यातून देणं नाकारू शकतात. बघा, विमा मालकाच्या हातात असला की बाईच्या गर्भाशयाविषयी मालकाचं मत विचारात घ्यावं लागतं! इतक्या श्रीमंत देशात.

आता आपल्याकडच्या अलीकडच्या बदलांकडे येते. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संसदेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९४८ चा ईएसआय कायदा तिच्यात सामावला गेला. त्यातल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, योजना आता ठराविक जिल्ह्यांपुरती नाही, सगळ्या देशाला लागू आहे. दुसरी, धोकादायक कामात एकच कामगार असला तरी सरकार योजना लागू करू शकतं. तिसरी, दहापेक्षा कमी कामगार असतील तर मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तिथे स्वेच्छेने येता येतं. आणि चौथी, कामगार स्त्रीच्या कुटुंबात तिच्यावर अवलंबून असलेले सासू-सासरेही धरले आहेत.

चौथीबद्दल मला आनंद आहे. आजवर सुनेच्या कमाईवर घर चालायचं, पण तिच्या कार्डावर सासूचं नाव लागत नव्हतं. पण तिसरीतला "मालक राजी असेल तर" हा शब्द बघा. माझी आई ज्या शिवणकामाच्या युनिटमध्ये होती तिथे चौदा मशिनं होती आणि मस्टरवर कायम नऊ नावं. बाकीच्या पाचजणी तपासनीस आला की मागच्या दाराने बाहेर. आई त्या पाचांतली. अशा मालकाची राजीखुशी आपण ओळखून आहोत. आणि घरकामगारांचं काय? तिला चार घरं म्हणजे चार मालक, पण एकही घर "आस्थापना" नाही. ऊसतोडणीच्या कोयत्याला मुकादम आहे, कारखाना आहे, पण तिचा मालक कोण, हे ठरवायचं कुणी?

त्यांच्यासाठी सरकारी विमा योजना आहेत, असं उत्तर येतं. आहेत. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव दिलं. केंद्राची आयुष्मान योजना २०१८ पासून. पुढे राज्यात दोन्ही जोडून संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांचं केलं आणि सगळ्या रेशनकार्डधारकांना खुलं केलं. २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना आयुष्मान मिळालं, ईएसआय असलं तरीही. या योजनांनी जीव वाचवले आहेत, मी नाकारत नाही. पण त्या दाखल झाल्यावरच्या उपचारांच्या आहेत. अंगावरून जाणं, पांढरं जाणं, रक्त कमी असणं, कंबर धरणं, ज्या आजारांनी बाई वर्षभर कुथत असते, ते त्यात नाहीत. उलट ऑपरेशनला पैसे मिळतात म्हटल्यावर ऑपरेशनं वाढतात. २०१२ मध्ये छत्तीसगडमध्ये विमा योजनेखाली गरज नसताना गर्भाशयं काढल्याच्या तक्रारी देशभर गाजल्या होत्या. आणि हे कार्ड रेशनकार्डावर चालतं. सासरच्या रेशनकार्डावरून नाव कमी केलेलं, माहेरच्या कार्डावर चढवलेलं नाही, अशी परित्यक्ता कोणत्या कुटुंबाची?

म्हणजे एकीकडे मालकाचं कार्ड, दुसरीकडे कुटुंबप्रमुखाचं कार्ड. बाईला स्वतःच्या नावाने दवाखान्यात जाता येईल असं कार्ड कुठे आहे?

म्हणून सकाळच्या त्या ताईंना माझं उत्तर असं आहे. नोकरीतल्या बाईचा विमा आणि बिनविम्याची बाई हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. आजची पॅकिंगवाली ठेका संपला की उद्या घरकाम करते. कार्ड असलेली आणि नसलेली ही एकच बाई आहे, फक्त वर्ष वेगळं. आपण दोघींना एकमेकींसमोर उभं करायचं नाही. ईएसआय टिकली पाहिजे, वाढली पाहिजे, आणि त्याचबरोबर सरकारी दवाखाना कुठलंही कार्ड न मागता उघडा राहिला पाहिजे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. महाराष्ट्राने का करू नये?

इथून गेल्यावर आपापल्या गटात काय करायचं तेही सांगते. प्रत्येकीने आपला विमा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, आणि ठेकेदार बदलला तरी तोच क्रमांक लावायला सांगावं. सहा महिन्यांतून एकदा, सप्टेंबर आणि मार्च संपल्यावर, आपल्या नावावर किती दिवस लागले ते तपासावं. सुटीच्या दिवशी वस्तीत बसून एकमेकींच्या मोबाइलवर हे होतं. आमच्याकडे पहिल्याच बैठकीत बावीसपैकी नऊजणींचे दिवस कमी निघाले. पगाराची चिठ्ठी फेकू नये. कुटुंबाच्या यादीत आई, सासू यांची नावं लावून घ्यावीत. रेशनकार्डावर नाव नसलेल्या एकट्या बायकांची यादी करून तहसील कचेरीत एकत्र जावं. एकटीला परत पाठवतात, वीसजणींना पाठवत नाहीत.

ती परिचारिका अजून त्याच इस्पितळात आहे. तिने पगारवाढ घेतली. महिन्याला वाढलेल्या आठशेपेक्षा जास्त आता इन्सुलिन आणि तपासण्यांवर जातात. परवा ती बैठकीला आली आणि म्हणाली, "मर्यादा वाढवण्याच्या अर्जावर माझी सही पहिली घ्या." अर्ज बाहेर टेबलावर ठेवला आहे. जेवायला जाण्याआधी सगळ्याजणींनी वाचून सही करावी. न वाचता करू नका, एवढीच विनंती.